पाऊल उशिरा पडलं तरी चालेल, बोट मात्र उठायला हवं

पहिला वाढदिवस झाला की येणारा-जाणारा प्रत्येकजण एकच विचारतो, "चालायला लागला का?" नाही म्हटलं की कुणाची तरी नात दहाव्या महिन्यातच कशी पळत होती, ते ऐकून घ्यावं लागतं.

जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या ८१६ निरोगी मुलांच्या हालचालींची नोंद ठेवली आणि २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. आधाराशिवाय चालण्याचं वय निघालं ८.२ ते १७.६ महिने. म्हणजे नवव्या महिन्यात चालणारी आणि सतराव्या महिन्यात चालणारा, दोघंही ठणठणीत. चारेक टक्के मुलं तर हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत. लवकर चाललं म्हणून मूल हुशार निघतं, असंही काही नाही.

चालणं शिकवावं लागत नाही, पण सरावाला जागा लागते. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या कॅरन अ‍ॅडॉल्फ यांनी १२ ते १९ महिन्यांची मुलं मोकळी खेळताना पाहिली. ती तासाला सरासरी २,३६८ पावलं टाकत होती आणि १७ वेळा पडत होती! आत बसवायच्या वॉकरमध्ये हे तोल सांभाळणं आणि पडणंच होत नाही, शिवाय जिन्यावरून गडगडण्याचा धोका. कॅनडाने २००४ मध्ये असे वॉकर विकायलाच बंदी केली. आपला जुना लाकडी पांगुळगाडा निराळा. तिथे मूल स्वतःच्या पायांवर उभं राहून गाडा ढकलतं.

पावलांवर इतकी नजर असताना एक खूण मात्र सहसा कुणी विचारत नाही. ती म्हणजे बोट दाखवणं.

खिडकीतल्या मुलाला समोरच्या तारेवर कावळा दिसतो. ते बोट उचलतं आणि लगेच मान वळवून तुमच्या तोंडाकडे बघतं. पाहिलंस ना? डब्यातला खाऊ हवा म्हणून बोट करणं वेगळं. इथे त्याला काहीच नको असतं, फक्त आपण पाहतोय ते तुम्हीही पाहावं, एवढंच. आपण "काऊ!" म्हणतो आणि शब्द नेमका त्या पक्ष्याला जाऊन चिकटतो. पहिल्या वाढदिवसाच्या आसपास हे सुरू होतं.

दीड वर्षाचं झालं तरी मूल असं काही दाखवत नसेल, हाक मारल्यावर वळत नसेल, दोन वर्षांनंतरही "आई ये", "दूध दे" असे दोन शब्द जोडत नसेल, तर डॉक्टरांना दाखवावं. येत असलेले शब्द गेले असतील, तर वय न बघता लगेच. "याचा बापही उशिराच बोलला" हे आजीचं म्हणणं खरंही असेल, पण तेवढ्यावर थांबू नये. आधी कान तपासून घ्यावेत. ऐकूच येत नसेल तर बोलणार कुठून? स्वमग्नतेची (ऑटिझमची) चाचणीही याच वयात करता येते. घरात मराठी आणि शेजारी हिंदी आहे म्हणून मूल मागे पडत नाही. शब्द दोन्ही भाषांचे मिळून मोजायचे. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाचं वय दोन वर्षांपर्यंत अपेक्षित तारखेपासून धरतात.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत तपासणीला येतं आणि गरज वाटल्यास पुढे पाठवतं. जाताना घरी खेळतानाचा एखादा व्हिडिओ मोबाईलवर घेऊन जावा. दिवसभर बडबडणारी मुलंही डॉक्टरांसमोर तोंडाला कुलूप लावून बसतात.