कळकलेला मीटर

डिसेंबरात मालवणच्या किनाऱ्यावर मी एक रोल संपवला. १२० ची फिल्म, सहा बाय सहा सेंटिमीटरचे बारा फोटो, आणि कॅमेऱ्यावर नुकताच विकत घेतलेला जुना प्रिझम, आत उजेड मोजणारा लाइट मीटर असलेला. निगेटिव्ह घरीच धुतल्या. सिंधुदुर्गाच्या तटाचे भर दुपारचे चार फोटो छान आले होते. बाजारातल्या गल्लीचे, माडांच्या सावलीतले आणि तिन्हीसांजेचे आठ मात्र उजेड कमी पडल्याने इतके पातळ, की उजेडासमोर धरल्यावर जेमतेम काही दिसावं.

मीटर बिघडला असेल तर सगळेच फोटो बिघडायला हवेत. फक्त सावलीतलेच का बिघडले?

अशा कॅमेऱ्यात एरवी वरून वाकून काचेवर पाहायचं असतं. तिथे चित्र सुलटं दिसतं, पण डावं-उजवं उलटं. होडी दक्षिणेला निघाली की काचेवर ती उत्तरेला जाते. प्रिझम हे सरळ करतो आणि चित्र डोळ्यासमोर आणतो. माझ्या प्रिझमच्या पोटात बटणासारखा सेल, कॅडमियम सल्फाइडची चकती आणि काटा एवढंच आहे. चकतीवर उजेड पडला की तिचा विजेला होणारा रोध घटतो. अंधारात तो लाखो ओम असतो, उन्हात काहीशे ओमवर येतो. रोध घटला की प्रवाह वाढतो आणि काटा सरकतो.

बाजारात रेडिओ दुरुस्त करणारे एक काका आहेत. त्यांच्याकडे प्रिझम घेऊन गेलो.

"सेल खयचो घातलंस?"

"दुकानात गावलो तो. दीड व्होल्टचो."

"आणि ह्येका किती होयो?"

निम्मं उत्तर त्या प्रश्नातच होतं. हे मीटर पाऱ्याच्या सेलवर चालायचे. सॅम्युएल रुबेन यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात घडवलेला हा सेल १.३५ व्होल्ट देई, आणि संपत येईपर्यंत तेवढेच देई. त्याच्या या गुणावर विसंबून मीटर बनवणाऱ्यांनी विजेचा दाब (व्होल्टेज) स्थिर ठेवायची वेगळी सोय केलीच नाही. पुढे पाऱ्याचं विष लक्षात आलं. अमेरिकेने १९९६ मध्ये कायदा करून असे बटण-सेल विकायला बंदी केली, २०१३ मध्ये पाऱ्याचा वापर आवरणारा मिनामाता हा आंतरराष्ट्रीय करार झाला. हे व्हायलाच हवं होतं. १९०१ पासूनची १२० ची फिल्म आजही मिळते. तिच्या मीटरचा सेल मात्र गेला. त्याच्या जागी बसणारा अल्कलाइन सेल नवा असताना दीड व्होल्टच्या थोडा वरच असतो आणि वापरता वापरता उतरत जातो. दाब जास्त म्हणजे प्रवाह जास्त. काट्याला वाटतं उजेड जास्त आहे, आपण लेन्सचं छिद्र लहान करतो आणि फिल्म उपाशी राहते. काट्याच्या इवल्याशा कमानीत कितीतरी स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) दाटीने बसवलेले असतात, त्यामुळे व्होल्टचा पाचवा भागही एक-दीड स्टॉपची चूक करू शकतो.

पण मग दुपारचे फोटो बरोबर कसे आले?

काकांनी सेलचं झाकण उघडलं. आतल्या स्प्रिंगवर पांढरी बुरशीसारखी भुकटी होती आणि कडेने हिरवं किटण. सेलमधून पाझरलेलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून पांढरं होतं. हिरवं येतं ते पितळेतल्या तांब्यातून. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक कळकतं, तीच जात. त्यात आपली खारी हवा. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच पाणी ओढून विरघळतं. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं ते यामुळेच. धातूवर बसलेला मिठाचा अदृश्य थरही असाच ओला होतो, वीज वाहू देतो आणि गंज पसरतो.

मल्टिमीटर लावला तर त्या किटणाचा रोध काहीशे ओम निघाला. आता कोडं सुटलं. भर उन्हात चकतीचा रोध काहीशे ओमच असतो, म्हणून किटणाचे काहीशे ओम तिथे जड होतात आणि प्रवाह दाबून ठेवतात. वाढीव दाबाची चूक त्यांनी जवळजवळ खाऊन टाकली होती. सावलीत चकतीचा रोध कितीतरी पटींनी वाढतो. तिच्यापुढे किटण नगण्य, आणि उरते फक्त दाबाची चूक. दोन बिघाड एकमेकांना झाकत होते, तेही फक्त उन्हात.

कापसाची काडी व्हिनेगरमध्ये बुडवून भुकटीला लावली. बारीक बुडबुडे आले. तांब्याची भांडी आमसुलाने लख्ख होतात म्हणून ते वापरावंसं वाटलं होतं, पण आमसुलाचा चिकटा मागे राहतो, तो इथे नको. नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून सगळं सुकवलं.

दुसऱ्या दिवशी चिऱ्याच्या भिंतीसमोर उभा राहिलो. फोनमधल्या मीटरशी ताडून पाहिलं तर आता उन्हातही दीड स्टॉपची चूक, आणि सावलीतही तेवढीच. साफ केल्यावर मीटर वरवर पाहता आणखी बिघडला होता. मला मात्र हायसं वाटलं, कारण चूक सगळीकडे सारखी असली की ती एकाच जागेतून येते.

उपाय दोन होते. कानाच्या यंत्राचा झिंक-एअर सेल १.४ व्होल्ट देतो आणि मेडिकलच्या दुकानात मिळतो. पण तो हवेवर चालतो, स्टिकर काढल्यावर महिन्या-दोन महिन्यांत संपतो, आणि दमट हवेत तर पाणीही शोषतो. कोकणात तो मला पटला नाही. दुसरा उपाय सिल्व्हर ऑक्साइडच्या सेलचा. तो १.५५ व्होल्ट देतो आणि पाऱ्याच्या सेलसारखाच स्थिर असतो. वाटेत एक शॉटकी डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा इवलासा भाग, घातला की सुमारे ०.२ व्होल्ट तिथे खर्च होतात. काकांनी तांदळाएवढा डायोड टाका मारून बसवला.

पुन्हा तीच भिंत. फरक पाव स्टॉपच्या आत आला.

तरीही एकदा संध्याकाळी चिवल्याच्या किनाऱ्यावर काटा वेड्यासारखा वर गेला. सूर्य पाठीमागे होता आणि डोळा लावायच्या भिंगातून थेट चकतीवर येत होता. मोजताना तिथे हाताची ओंजळ धरली, काटा खाली आला. प्रिझमवरची एक कडी लेन्सच्या सर्वांत मोठ्या छिद्राशी जुळवावी लागते, तेही लेन्स बदलताना विसरू नये. एफ ४ च्या लेन्सला कडी २.८ वर राहिली तर एक स्टॉप गेलाच.

प्रिझमच्या कडेला चांदीचा मुलामा उडून काळे ठिपके पडले आहेत. ते फक्त मला दिसतात, फिल्मवर येत नाहीत, म्हणून तसेच ठेवलेत. मिरग लागला की सेल बाहेर काढून प्रिझम घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतो, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत, आणि दर महिन्याला त्या पुड्या तव्यावर मंद आचेवर सुकवून पुन्हा आत टाकतो.