केल्पच्या जंगलातले कॉट बेसिसवाले

रविवार हा टाकीचं पाणी बदलायचा दिवस. नळीने तळातला गाळ बादलीत ओढून घ्यायचा आणि ते पिवळट पाणी बाल्कनीतल्या मनी प्लांटला घालायचं. पुण्यात मासे पाळणाऱ्या कितीतरी घरांतला हा शिरस्ता. मूळच्या कोकणातल्या माणसाला तर त्यात काहीच नवल नाही, तिकडे माडाच्या आळ्यात मासळीची डोकी पुरतातच. माशांची घाण म्हणजे झाडाचं खत! समुद्रातल्या जंगलाच्या बाबतीत मात्र ही गोष्ट ध्यानात यायला बराच काळ गेला.

हे जंगल केल्पचं, म्हणजे थंड पाण्यातल्या तपकिरी शैवालाचं. आपल्या कोमट किनाऱ्यावर ते उगवत नाही. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगतचं जायंट केल्प खडकाला धरून उभं वाढतं आणि सगळं जुळून आलं तर दिवसाला अर्धा मीटर चढतं. १८३४ मध्ये चार्ल्स डार्विन दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी ते पाहून थक्क झाला. हे केल्प गेलं तर त्याच्या आसऱ्याचे किती जीव मरतील, याचीच त्याला काळजी. म्हणजे केल्प घरमालक, मासे भाडेकरू. भाड्याचं कुणी विचारलंच नाही!

पुढे अडलं ते नायट्रोजनच्या हिशेबात. वाऱ्याने वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर सरतं, खालचं थंड पाणी वर येतं आणि सोबत नायट्रेट, म्हणजे नायट्रोजनचं खत, आणतं. हा पुरवठा मुख्यतः वसंतातला. उन्हाळ्यात पाणी साधारण १५ अंशांच्या वर गेलं की दक्षिण कॅलिफोर्नियात वरच्या थरातलं नायट्रेट जवळपास संपतं. केल्प मात्र वाढतच राहतं. कशावर?

१९८१ मध्ये 'सायन्स'मध्ये ब्लॅकस्मिथ नावाच्या छोट्या माशावर एक निबंध आला. हा मासा म्हणजे सदाशिव पेठेतला कॉट बेसिसवरचा पोरगा. दिवसभर बाहेर, वाहत्या पाण्यातल्या प्लवकांवर, म्हणजे तरंगत्या चिमुकल्या जीवांवर, ताव मारायचा आणि रात्री खडकाच्या कपारीत फक्त झोपायला यायचं. बाहेरचं खाल्लेलं विष्ठेवाटे कपारीत पडतं आणि तळाचे जीव त्यावर जगतात. १९८६ मध्ये त्याच संशोधकांच्या गटाने कॅलिफोर्नियातल्या सांता कॅटालिना बेटापाशी या माशांनी सोडलेलं अमोनियम, म्हणजे अमोनियाचं पाण्यातलं रूप, मोजलं. मला हे जास्त मोलाचं वाटतं, कारण माशांचा बहुतेक नायट्रोजन विष्ठेतून नाही, कल्ल्यांतून अमोनियाच्या रूपात बाहेर पडतो. टाकीत तो साठला तर मासे मरतात. केल्प मात्र तो थेट शोषून घेतं.

२००० पासून कॅलिफोर्नियातल्याच सांता बार्बराजवळ केल्पच्या जंगलाच्या दीर्घकाळ नोंदी ठेवणं सुरू झालं. त्यांच्या आधारावर २०१३ मध्ये जमाखर्च मांडला गेला, तेव्हा नुसत्या नायट्रेटवर केल्पची उन्हाळ्यातली वाढ भागत नाही, हे आकड्यांत आलं. उरलेली भर अमोनियम आणि युरियाची. ती एकट्या माशांची नव्हे. केल्पच्या पात्यांना चिकटून राहणारे चिमुकले प्राणीही आपला वाटा टाकतात, शिवाय तळातल्या गाळातूनही काही येतं. पण कपारीतल्या माशाचं बिऱ्हाड एव्हाना हिशेबाच्या वहीत चढलं होतं.