बंद खाणीच्या पाण्याला चुना किती पुरणार?

तासगावकडे द्राक्षबागेसाठी बोर्डो, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं फवारणीचं मिश्रण, कालवला की लोखंडी विळा त्यात बुडवून बघायची जुनी रीत आहे. पात्यावर तांब्याचा लालसर थर चढला, तर मिश्रण अजून आम्ल आहे. मग आणखी चुना घालायचा, नाहीतर पानं करपलीच म्हणून समजा. आता सामू (pH, म्हणजे आम्लता) बघायला कागदाच्या पट्ट्या मिळतात, पण विळा अजून सुटलेला नाही.

सांगली जिल्ह्यात कोळसा नाही, खाली सगळा काळा पाषाण. पण कोळशाच्या बंद खाणीतून झिरपणाऱ्या आम्ल पाण्यावरही पहिला उपाय चुनाच.

कोळशाच्या थरांत पायराइट असतं, म्हणजे लोह आणि गंधक. जमिनीत गाडलेलं असतं तोवर ते गप्प राहतं. खोदकामानं हवा आणि ओल लागली की त्यातून गंधकाम्ल तयार होतं. लोहावर जगणारे जिवाणू हे काम कैक पटींनी वाढवतात. ते 1947 साली खाणीच्या पाण्यातच ओळखले गेले. खाण चालू असते तोवर पंप पाणी उपसत असतात. खाण सोडून दिली की पंप थांबतात, पाणी चढतं आणि साठलेलं आम्ल व लोह घेऊन ओढ्याला मिळतं. तिथे हवा लागून लोहाचा नारिंगी गाळ तळाशी बसतो आणि त्याखाली किडे-माशांची अंडी गुदमरतात.

आपल्या विदर्भातल्या कोळशात गंधक कमी, त्यामुळे हा त्रास तुलनेनं सौम्य. मेघालयात जैंतिया टेकड्यांतल्या कोळशात ते भरपूर आहे. तिथल्या उंदीरबिळांसारख्या खाणींवर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं 2014 मध्ये बंदी घातली. पण जुनी बिळं झिरपायची थांबत नाहीत.

हिशेब बघा: 1 किलो पायराइट पूर्ण गंजलं तर सुमारे 1.6 किलो गंधकाम्ल होतं आणि ते मारायला सव्वा किलो विरलेला चुना लागतो. बोर्डोची टाकी एकदा जमली की काम संपलं. इथे टाकी रोज नव्यानं भरते, कित्येक दशकं. म्हणून स्वस्तातली वाट म्हणजे पाणी चुनखडीच्या चरातून सोडायचं. हा चर मातीनं झाकावा लागतो. हवा लागली तर खड्यांवर गंजाचं कवच चढतं आणि चुनखडी असून नसल्यासारखी होते. पुढे पाणकणसाची दलदल करतात. तिच्या तळाशी शेणखतासारखा कुजका माल असतो. त्यातले जिवाणू गंधकाम्लातून आलेल्या सल्फेटचा सल्फाइड करतात, सडक्या अंड्यांचा वास येतो आणि लोह पुन्हा गंधकाला चिकटून खाली बसतं. म्हणजे खाणीनं सोडवलेली गाठ चिखल परत बांधतो.

उरतो नारिंगी गाळ. अमेरिकेत ओहायो विद्यापीठातल्या मंडळींनी त्यापासून चित्रकारांचे रंग केले आहेत. नवल कसलं, आपला तुळशीवृंदावनाचा गेरूही लोहाचाच!