व्हॅक्यूम उतरला की कूलर झिजला? थंड जर्मेनियम डिटेक्टरच्या दोन बिघाडांतील फरक

गॅमा किरणांची ऊर्जा बारकाईने मोजायची असेल तेव्हा अतिशुद्ध जर्मेनियमच्या स्फटिकाला आजही तोड नाही. कोबाल्ट-६० च्या १३३२ केईव्ही (केईव्ही म्हणजे हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट) या रेषेची रुंदी चांगला डिटेक्टर २ केईव्हीच्या आत दाखवतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील पेलेट्रॉन त्वरकावर वापरली गेलेली ‘इंडियन नॅशनल गॅमा अ‍ॅरे’ ही मांडणी अशाच डिटेक्टरांची आहे आणि तिच्या प्रत्येक क्लोव्हर डिटेक्टरमध्ये जर्मेनियमचे चार स्फटिक एकत्र बसवलेले असतात. या स्फटिकाची अडचण एकच आहे. त्यातील इलेक्ट्रॉन मुक्त व्हायला जेमतेम ०.७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा पुरते आणि ती खोलीच्या नेहमीच्या उष्णतेतूनही मिळते. अशा स्थितीत उच्च विद्युतदाब दिला, तर गळतीच्या प्रवाहात खरा संकेत बुडून जातो. म्हणून स्फटिक साधारण ८० ते १०० केल्विन तापमानाला, म्हणजे उणे १९३ ते उणे १७३ अंश सेल्सियसला ठेवावा लागतो. त्यासाठी ७७ केल्विनला उकळणारा द्रव नायट्रोजन वापरतात किंवा विजेवर चालणारे शीतयंत्र, म्हणजे क्रायोकूलर.

हा गारवा टिकवणे जड जाऊ लागले, की नोंदवहीत एकाच प्रकारची खूण उमटते: कूलर अधिक वीज घेऊ लागतो आणि डिटेक्टर थंड व्हायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागतो. या एका खुणेमागे दोन अगदी वेगळी कारणे असू शकतात. एक म्हणजे स्फटिकाभोवतीचा व्हॅक्यूम उतरलेला असतो, त्यामुळे बाहेरची उष्णता अधिक प्रमाणात आत शिरते. दुसरे म्हणजे आत शिरणारी उष्णता तेवढीच असते, पण ती उपसून काढण्याची कूलरची ताकद घटलेली असते. पुढचा बिघाड आधी ओळखून देखभाल आखायची असेल, तर ही दोन कारणे वेगळी काढल्याशिवाय नुसता चढता आलेख फारसा उपयोगी पडत नाही. व्हॅक्यूम उतरलेला असताना नवा कूलर बसवला, तर तोही पहिल्या दिवसापासून वाढीव ओझे ओढतो आणि लवकर झिजतो.

व्हॅक्यूमची गोष्ट आधी पाहू, कारण ती जास्त फसवी आहे. क्रायोस्टॅटच्या, म्हणजे स्फटिक ज्यात थंड ठेवतात त्या निर्वात कोठीच्या, आत उष्णता तीन वाटांनी पोहोचते: आधाराच्या भागांतून, भिंतींच्या प्रारणातून आणि आत उरलेल्या विरळ वायूच्या रेणूंमार्फत. आतला दाब एक मिलिबारच्या लाखाव्या भागाइतका किंवा त्याहून कमी असेल, तेव्हा तिसरी वाट जवळजवळ बंद असते. मात्र या विरळ अवस्थेत वायूमार्फत वाहणारी उष्णता दाबाच्या प्रमाणात वाढते, म्हणून दाब शंभरपट झाला की हीच वाट ठळक होते. हे वायू रबरी ओ-रिंगांतून हळूहळू झिरपतात आणि आतल्या धातूंच्या व प्लास्टिकच्या पृष्ठभागांतूनही सुटत राहतात. त्यांना धरून ठेवण्यासाठी क्रायोस्टॅटमध्ये मॉलिक्युलर सीव्ह (वायू शोषून धरणारा सच्छिद्र पदार्थ) किंवा सक्रिय कोळसा ठेवलेला असतो, पण तो थंड असतानाच काम करतो आणि त्याची धारणशक्ती मर्यादित असते. हीलियम तर या तापमानाला तो जवळजवळ धरतच नाही, त्यामुळे ज्या खोलीत हीलियमचा वापर होतो तेथे डिटेक्टर ठेवणे मला योग्य वाटत नाही.

द्रव नायट्रोजनवरच्या डिटेक्टरमध्ये ही घट थेट मोजता येते. एक वॅट उष्णता दिवसभरात साधारण अर्धा लिटर द्रव नायट्रोजन उकळवते. म्हणजे रोजचा खप दीड लिटरवरून दोन लिटरवर गेला असेल, तर कोठून तरी एक वॅट जादा उष्णता आत येत आहे, असा स्वच्छ हिशेब मांडता येतो. येथे आणखी एक गल्लत होते. नायट्रोजनच्या भांड्याच्या दोन भिंतींमध्ये स्वतःचा वेगळा व्हॅक्यूम असतो आणि डिटेक्टरच्या क्रायोस्टॅटमध्ये दुसरा. दव किंवा बर्फ भांड्याच्या अंगावर जमत असेल तर पहिल्याचा संशय घ्यावा, आणि स्फटिकापुढचे अ‍ॅल्युमिनियमचे आवरण, म्हणजे एंडकॅप, गार लागत असेल तर दुसऱ्याचा.

कूलरची झीज निराळ्या स्वभावाची असते. डिटेक्टरसाठी वापरल्या जाणाऱ्या स्टर्लिंग कूलरमध्ये दाबाखालील हीलियम पिस्टनच्या हालचालीने आळीपाळीने आकुंचन-प्रसरण पावतो. सील झिजतात, हीलियम थोडाथोडा निसटतो, आत राहिलेली अशुद्धी थंड टोकाशी गोठून बसते आणि तेवढ्याच विजेत मिळणारा गारवा कमी होतो. पण नियंत्रक हे सारे झाकून ठेवतो. थंड टोकाचे तापमान ठरवलेल्या अंकावर राखणे हेच त्याचे काम असल्याने, गारवा कमी पडू लागला की तो कूलरला अधिक वीज देतो आणि पडद्यावरचे तापमान महिनोन्महिने जागचे हलत नाही. ते ज्या दिवशी हलते, त्या दिवशी वाढवायला वीज उरलेली नसते. म्हणून तापमान स्थिर आहे एवढ्यावरून उपकरण निरोगी समजणे ही या कामातील सर्वांत घातक समजूत आहे. रोज नोंदवायला हवी ती कूलरला जाणारी वीज.

झिजलेल्या कूलरची कंपनेही बदलतात आणि ती संकेतात गोंगाट म्हणून उतरतात. त्याचा परिणाम कोबाल्ट-५७ च्या १२२ केईव्हीसारख्या कमी ऊर्जेच्या रेषेवर जास्त दिसतो, कारण उच्च ऊर्जेला रेषेच्या रुंदीत विद्युतभार निर्माण होण्यातील सांख्यिकीय चढउतारांचा वाटा मोठा असतो. मात्र एवढ्यावरून निर्णय देऊ नये. व्हॅक्यूम बिघडून स्फटिकाच्या पृष्ठभागावर वायू साचला, तर गळतीचा प्रवाह वाढून कमी ऊर्जेच्या रेषा तशाच रुंदावतात. उत्पादकाच्या सूचनांत मुभा असेल, तर कूलर काही मिनिटे थांबवून पाहावे. कंपनांचा गोंगाट तत्क्षणी नाहीसा होतो, गळतीचा मात्र होत नाही.

दोन कारणे वेगळी करण्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग माझ्या मते तापण्याच्या आलेखाचा आहे. कूलर पूर्ण बंद केल्यावर स्फटिक किती वेगाने तापतो, हे आत येणाऱ्या उष्णतेवर आणि थंड भागांच्या उष्णताधारकतेवर ठरते. कूलर आता किती ताकदवान आहे याचा त्याच्याशी संबंध उरत नाही. उपकरण नवे असताना घेतलेल्या आलेखाशी तुलना केल्यावर सुरुवातीचा चढ अधिक तीव्र दिसला, तर व्हॅक्यूम उतरला आहे. चढ जुन्यासारखाच असून वीज मात्र जास्त लागत असेल, तर दोष बहुधा कूलरकडे जातो. तुलना पहिल्या काही तासांचीच करावी, कारण पुढे सीव्ह तापून धरलेला वायू सोडू लागतो आणि चांगल्या क्रायोस्टॅटचा आलेखही वर उचलला जातो. उच्च विद्युतदाब आधी उतरवलेला असावा, हे वेगळे सांगायला नको.

ही चाचणी मनात आले म्हणून करण्यासारखी नाही. अर्धवट तापलेला डिटेक्टर तसाच पुन्हा थंड केला, तर सुटलेला वायू सीव्हऐवजी स्फटिकावर गोठून बसू शकतो. त्यामुळे एकदा बंद केल्यावर त्याला खोलीच्या तापमानापर्यंत पूर्ण येऊ द्यावे लागते आणि त्यात एक-दोन दिवस जातात. वीज दीर्घकाळ जाणे, खोलीची डागडुजी अशा एरवीही येणाऱ्या बंदीच्या वेळी हा आलेख आपोआप नोंदला जाईल, अशी व्यवस्था आधीपासून करून ठेवणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे.

दोन्ही दोष नसतानाही वीज वाढते, आणि महाराष्ट्रातील प्रयोगशाळांना याचा विचार करावाच लागतो. प्रारणाने येणारी उष्णता केल्विनमधील तापमानाच्या चौथ्या घातावर अवलंबून असते. खोली २५ अंशांवरून ३५ अंशांवर गेली, तर हा वाटा सुमारे १४ टक्क्यांनी वाढतो, शिवाय कूलरला स्वतःची उष्णता बाहेर टाकणेही कठीण होते. नागपुरात मे महिन्यात रात्री वातानुकूलन बंद राहत असेल, तर चढता आलेख पाहून घाबरण्याआधी खोलीचे तापमान शेजारी मांडून पाहावे आणि कूलरच्या पंख्यावरची धूळही झाडावी. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात उलट फसगत होते. हवेचा दवबिंदू इतका वर असतो, की वातानुकूलन बंद असताना आवरण खोलीपेक्षा थोडेसेच गार असले तरी त्यावर दव धरते. तेथे दवावर विसंबू नये. आवरण आणि खोली यांच्या तापमानातील फरक मोजून नोंदवावा.

भाकीत करण्याची पद्धतही दोघांसाठी एक असू शकत नाही. कूलरची झीज मुख्यतः चालू राहिलेल्या तासांशी बांधलेली असते. व्हॅक्यूम मात्र उपकरण बंद पडून असतानाही उतरतो, किंबहुना गरम अवस्थेत साठवलेल्या डिटेक्टरचा अधिक वेगाने, म्हणून त्याच्यासाठी तासांचा मीटर निरुपयोगी आहे आणि दिनदर्शिकाच पाहावी लागते. कूलरच्या बाबतीत ‘किती वीज लागते’ यापेक्षा ‘कमाल मर्यादेपर्यंत किती उरली’ हा प्रश्न विचारावा, आणि तोही वर्षातील सर्वांत उष्ण आठवड्यांसाठी. जानेवारीत पुरेशी वाटणारी शिल्लक एप्रिलअखेरीस संपलेली असू शकते. बदली कूलर मागवून तो हाती येण्यास लागणारा काळ या हिशेबात धरला, तरच भाकिताला देखभालीच्या दृष्टीने अर्थ येतो.

व्हॅक्यूमच्या दुरुस्तीत क्रायोस्टॅट पूर्ण तापवून, सौम्य उष्णता देत, दीर्घकाळ पंपाने उपसावा लागतो, म्हणजे सीव्हही पुन्हा ताजा होतो. हे काम उत्पादकाच्या किंवा तशी सोय असलेल्या कार्यशाळेतच व्हावे. कूलर बदलणे त्या मानाने सोपे आहे, मात्र काही रचनांत त्यासाठीही व्हॅक्यूम उघडावा लागतो आणि तसे असेल तर दोन्ही कामे एकाच वेळी उरकणे हिताचे ठरते. डिटेक्टर परत आल्यावर थंड होण्याचा, स्थिर स्थितीतील विजेचा आणि पहिल्या संधीला तापण्याचा आलेख नव्याने घ्यावा, कारण दुरुस्तीपूर्वीच्या नोंदींशी पुढची तुलना करता येत नाही.