हॅमिल्टनवरचा वाद आणि शंभर डॉलरचा रोखा

अमेरिकेचा पहिला अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन कुणाला छुपा राजेशाहीवादी वाटतो, कुणाला देशाची आर्थिक घडी बसवणारा. १७८७ च्या संविधान परिषदेत राष्ट्रप्रमुख तहहयात असावा असं त्याने सुचवलं होतं, तेव्हा पहिला आरोप अगदीच हवेतला नाही. पण भांडणाचं खरं मूळ त्या भाषणापेक्षा १७९० च्या हिशेबात सापडतं.

स्वातंत्र्ययुद्धातल्या सैनिकांच्या थकलेल्या पगारापोटी सरकारने कर्जरोखे दिले होते. तेव्हाच्या केंद्राला कर बसवण्याचा अधिकारच नव्हता, त्यामुळे व्याजही थकलं. घर चालवायला रोकड हवी म्हणून अनेकांनी शंभराचा रोखा पंधरा-वीस डॉलरला फुंकून टाकला. जानेवारी १७९० मध्ये हॅमिल्टनने संसदेला अहवाल दिला: केंद्राचं कर्ज सुमारे ५.४ कोटी, राज्यांचं अंदाजे २.५ कोटी, सगळं केंद्राने फेडायचं, आणि रोखा आज ज्याच्या हातात आहे त्यालाच पैसे द्यायचे. अहवाल वाचला गेल्यावर पंधरवड्यात, बातमी दूरवर पोचण्याआधीच रोखे खरेदीसाठी तीन जहाजं न्यूयॉर्कहून निघाली, अशी तक्रार जॉर्जियाचा प्रतिनिधी जेम्स जॅक्सन याने सभागृहातच केली.

ऑगस्टमध्ये झालेल्या कायद्याने मुद्दलाचे दोन भाग केले. शंभरातल्या दोन-तृतीयांश रकमेवर ६ टक्के व्याज लगेच, उरलेल्या एक-तृतीयांशावर तेच व्याज १८०१ पासून. थकलेल्या व्याजाचे वेगळे ३ टक्क्यांचे रोखे. म्हणजे वीस डॉलरला रोखा घेतलेल्याला पहिल्यापासून वर्षाला चार डॉलर. गुंतवणुकीवर वीस टक्के! विकून मोकळ्या झालेल्या सैनिकाला काहीच नाही.

व्हर्जिनियाचा प्रतिनिधी जेम्स मॅडिसन याने तोड सुचवली होती: आजच्या धारकाला बाजारातला सर्वांत चढा भाव द्यावा, उरलेली रक्कम मूळ धारकाला. ऐकायला न्याय्य. पण हॅमिल्टनचं म्हणणं असं की झालेला व्यवहार सरकारने मागाहून मोडला, तर पुढे त्याचा कागद पुऱ्या किमतीला कोण घेईल? शिवाय मूळ धारक शोधायचे कसे, हाही प्रश्न होताच. मॅडिसनची सूचना ३६ विरुद्ध १३ मतांनी पडली.

राज्यांच्या कर्जाचं घोडं मात्र अडलं. व्हर्जिनियाने आपलं बरंचसं फेडलं होतं, मॅसॅच्युसेट्सचं डोक्यावर होतं. शहाण्या बिऱ्हाडाने शेजाऱ्याची उधारी का भरावी? एप्रिलमध्ये प्रस्ताव ३१-२९ ने फेटाळला गेला. जूनमध्ये परराष्ट्रमंत्री थॉमस जेफरसनच्या (पुढे हाच हॅमिल्टनचा मोठा विरोधक) घरी जेवणावर सौदा जुळला आणि राजधानी व्हर्जिनियालगतच्या पोटोमॅक नदीकाठी नेण्याच्या बदल्यात विरोध सैल झाला.

व्याजाला पैसा हवा, म्हणून १७९१ मध्ये दारूवर अबकारी कर आला. इथे मात्र हॅमिल्टन चुकला, असं म्हणावं लागतं. पश्चिम पेनसिल्व्हेनियातला शेतकरी डोंगरापलीकडे धान्य नेणं परवडत नाही म्हणून राय गाळून दारू करायचा. घोड्यावर कमी ओझ्यात जास्त माल जायचा. लहान भट्टीला कर क्षमतेवर, तोही रोखीत, आणि त्या भागात रोखीचीच टंचाई, इतकी की देण्याघेण्यातही दारूच चाले. वर कर चुकवल्याचा खटला चालणार दूर फिलाडेल्फियात. १७९४ मध्ये बंड झालं, ते मोडायला सुमारे १३,००० सैन्य गेलं.

हॅमिल्टनने स्वतः सट्टा केल्याचं सिद्ध झालं नाही. मात्र त्याचा माजी सहायक विल्यम ड्यूअर सट्ट्यात बुडाला आणि १७९२ चा बाजार घेऊन बुडाला, त्यामुळे संशय चिकटून राहिला. १७९७ मध्ये आर्थिक आरोप खोडायला, म्हणजे दिलेले पैसे सट्ट्याचे नव्हते तर तोंड बंद ठेवण्याचे होते हे दाखवायला, हॅमिल्टनने आपलं विवाहबाह्य प्रकरण स्वतःच छापून जाहीर केलं!

पुढे पारडं काळाप्रमाणे हललं. १९२३ मध्ये वॉशिंग्टनला अर्थखात्याबाहेर त्याचा पुतळा उभा राहिला; १९३० च्या दशकातल्या महामंदीनंतर जेफरसनचा भाव वधारला, १९४३ मध्ये त्याचं स्मारक झालं. २०१५ मध्ये दहा डॉलरच्या नोटेवर हॅमिल्टनच्या जागी मुख्यतः एका स्त्रीचं चित्र आणायची घोषणा झाली. त्याच वर्षी ब्रॉडवेवर त्याच्यावरचं संगीत नाटक गाजलं आणि २०१६ मध्ये तो बेत वीसच्या नोटेवरच्या माजी राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सनकडे वळला. २०२० पासून नवा मुद्दा आहे: गुलामी संपवू पाहणाऱ्या संस्थेचा हा सदस्य स्वतः गुलाम बाळगून होता, असं त्याच्या वह्यांतल्या खर्चाच्या नोंदींवरून मांडलं जातंय.