बोर्ड असेंब्लीचा दर कसा निघतो
ग्राहकांसाठी माहितीपत्रक (कुपवाड एमआयडीसी, सांगली)

"एका बोर्डाचे किती घेता?" इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्डावर कंपोनंट (सुटे भाग) बसवून सोल्डर करून देण्याच्या कामासाठी फोनवर पहिला प्रश्न हाच येतो. प्रश्न रास्त आहे, पण बोर्डाचा फोटो बघून आम्ही दर सांगत नाही. फोटोवरून सांगितलेला दर माल हातात आल्यावर बहुधा वाढतोच, आणि मग दोन्हीकडे कटकट. त्यापेक्षा दर कशाकशाचा बनतो ते आधी माहीत असलेलं बरं.

सगळ्यात आधी तयारीचा खर्च. तुमचा पहिला बोर्ड मशीनमध्ये जाण्यापूर्वी स्टेन्सिल (सोल्डर पेस्ट लावायचा भोकांचा पत्रा) कापून आणावी लागते, पिक-अँड-प्लेस (कंपोनंट उचलून बोर्डावर ठेवणाऱ्या) मशीनचा प्रोग्रॅम करावा लागतो, कंपोनंटच्या टेपचं एकेक रीळ फीडरवर (मशीनला कंपोनंट पुरवणाऱ्या भागावर) चढवावं लागतं, सोल्डर वितळवणाऱ्या ओव्हनचं तापमान बसवावं लागतं आणि पहिला नग भिंगाखाली तपासावा लागतो. हे काम २० बोर्डांना जेवढं, तेवढंच ५०० बोर्डांना. समजण्यापुरता हा खर्च ६,००० रुपये धरा. २० बोर्ड केले तर बोर्डामागे ३०० रुपये पडतात, ५०० केले तर १२. "सॅम्पल स्वस्तात करून द्या, पुढं मोठी ऑर्डर देतो" याला आम्ही नाही का म्हणतो, ते या हिशेबात आहे. दुसऱ्या ऑर्डरला मात्र स्टेन्सिल आणि प्रोग्रॅम तेच चालतात. त्याचे पैसे पुन्हा लागत नाहीत, फक्त मधल्या काळात डिझाइन बदललेलं नसावं.

कंपोनंट किती आहेत यापेक्षा किती प्रकारचे आहेत याला जास्त महत्त्व. ६० कंपोनंट ८ प्रकारचे असतील तर ८ फीडर. ३० प्रकारचे असतील तर ३० फीडर. सर्किटला चालत असेल तर ९.१ के आणि १० के (किलो-ओहम) असे दोन रेझिस्टर ठेवण्यापेक्षा सगळीकडे १० के घ्या. हे डिझाइन करणाऱ्याला पाच मिनिटं विचारलं तरी पैसे वाचतात.

तसंच एसएमडी (भोकात पाय न घालता बोर्डाच्या पृष्ठभागावरच सोल्डर होणारे कंपोनंट) शक्यतो एकाच बाजूला ठेवा. खालच्या बाजूला चारच कपॅसिटर असले तरी दुसरी स्टेन्सिल, दुसरा प्रोग्रॅम आणि ओव्हनमधून दुसरी फेरी लागते. आमच्याकडं येणाऱ्या बोर्डांत विनाकारण वाढलेला सगळ्यात मोठा खर्च हाच असतो.

रिले, टर्मिनल, ट्रान्सफॉर्मर अशा पायांच्या कंपोनंटचा दर नगावर नसून जॉइंटवर (सोल्डरच्या जोडावर) लागतो. ४० पिनांचा कनेक्टर म्हणजे एक नग, पण ४० जॉइंट. त्यातही टर्मिनलचा पाय रुंद ग्राउंड कॉपरला थेट जोडलेला असेल तर सगळी उष्णता ते कॉपरच ओढून घेतं. सोल्डरिंगचा बिट लावून ठेवला तरी सोल्डर भोकात नीट उतरत नाही आणि एका जॉइंटला चार जॉइंटचा वेळ जातो. लेआउटमध्ये पॅडभोवती (पाय सोल्डर होतो त्या जागेभोवती) थर्मल रिलीफ (कॉपरशी फक्त बारीक पट्ट्यांनी जोड) दिला की हे टळतं.

माल (कंपोनंट) तुम्ही दिलात तर आम्ही फक्त जॉबवर्क (मजुरी) लावतो. पण लागतो तेवढाच मोजून माल देऊ नका. टेपचं सुरुवातीचं टोक फीडरमध्ये अडकवण्यात जातं, बारीक कंपोनंट उडतात. बोर्डावर एकाच व्हॅल्यूचे १२ रेझिस्टर आणि बोर्ड ५०० असतील तर ६,००० लागतात. ०६०३ साइजचं (बारीक एसएमडीचं एक माप) रीळ साधारण ५,०००चं येतं. एका रिळात भागेल असं समजून लाइन सुरू केली, तर मध्येच थांबावं लागतं. माल आम्ही आणायचा असेल तर कोटेशनवर मुदत लिहिलेली असते, ती पाहा. आयसीचे भाव डॉलरवर चालतात, आणि २०२१च्या टंचाईत मायक्रोकंट्रोलरचे भाव कुठं गेले होते ते अनेकांना आठवत असेल.

बीओएममध्ये (कंपोनंटच्या यादीत) नुसतं "कपॅसिटर १०० मायक्रोफॅरड" लिहून भागत नाही. २५ व्होल्टचा की ५० चा? ५० व्होल्टचा सहसा आकारानं मोठा असतो. बोर्डावर बसला तरी डब्याचं झाकण लागेलच असं नाही. व्होल्टेज, साइज आणि कंपनीचा पार्ट नंबर, तिन्ही लिहा. चालणारा पर्यायी पार्टही लिहिलात तर फारच चांगलं.

लेड-फ्री (शिसं नसलेलं) सोल्डर हवं असेल तर आधीच सांगा. साधं ६३/३७ (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं) सोल्डर १८३ अंशांना वितळतं, नेहमीच्या लेड-फ्रीला २१७च्या वर जावं लागतं आणि त्यात ३ टक्के चांदी असते. पेस्ट त्यामुळंच महाग. माल परदेशी जाणार नसेल, ई-कचरा नियमांनुसार तुमच्या मालाला शिशाची मर्यादा लागू नसेल आणि तुमचा ग्राहक मागत नसेल, तर हा खर्च करू नका असंच आम्ही सांगू.

शेतातल्या पंपाच्या स्टार्टरमध्ये बसणारा बोर्ड असेल तर कोटिंगचे (बोर्डाला ओलीपासून वाचवणाऱ्या लेपाचे) पैसे मात्र वाचवू नका. विहिरीजवळची ओल, मुंग्या, पाली यांना उघडा बोर्ड फार दिवस पुरत नाही. कोटिंगपेक्षा मजुरी जास्त लागते ती टर्मिनल आणि कनेक्टर झाकून घेण्याची, म्हणून ते बोर्डाच्या एका कडेला घेतलेले बरे.

टेस्टिंग दरात धरलेलं नसतं. नजरेनं तपासणी आम्ही करतोच. बोर्ड चालू करून, प्रोग्रॅम टाकून हवा असेल तर टेस्ट जिग (बोर्ड लावून तपासायचा साचा) आणि एका बोर्डाला लागणारा वेळ यावर वेगळा दर.

कोटेशनसाठी गर्बर फाइल (बोर्डाच्या डिझाइनची), बीओएम, पिक-अँड-प्लेस फाइल (कोणता कंपोनंट कुठं बसतो त्याची), बोर्डांची संख्या आणि माल कोणाचा, एवढं पाठवा. चालू स्थितीतला एखादा जुना बोर्ड असेल तर तोही घेऊन या. डायोडची दिशा फाइलपेक्षा त्यावर लवकर कळते.