सलूनमधून पसरणारा नायटा
केस कापण्याच्या व दाढीच्या साधनांवाटे एका गिऱ्हाइकाकडून दुसऱ्याकडे जाणारा बुरशीसंसर्ग. नायटा किंवा गजकर्ण करणाऱ्या बुरशी त्वचा, केस व नखांतल्या केराटिन या कठीण प्रथिनावर जगतात. सलूनमधून आलेला संसर्ग बहुधा मानेचा मागचा भाग, कानशिले, डोके आणि दाढी येथे दिसतो.

डोक्याच्या नायट्याचे एक प्रमुख कारण ट्रायकोफायटॉन टॉन्सुरन्स ही बुरशी. ती केसाच्या आत वाढते, त्यामुळे केस मुळाशी तुटतो आणि टाळूवर काळे ठिपके उरतात. अशा तुटक्या केसांत बीजाणू ठासून भरलेले असतात. ते मशीनच्या दातांत अडकतात आणि कोरड्या जागी महिनोन्‌महिने तग धरतात. २०२१च्या सुमारास स्पेनमध्ये आणि नंतर ब्रिटनमध्ये तरुणांत असे रुग्ण वाढल्याचे त्वचारोगतज्ज्ञांनी नोंदवले. त्यांतले बरेच जण ‘फेड’ कट, म्हणजे बाजूचे केस खालच्या टोकाला अगदी बारीक करणारा कट, करून घेणारे होते. या कटमध्ये झिरो मशीन कातडीला टेकवून फिरते, सूक्ष्म ओरखडे पडतात आणि कट टिकवण्यासाठी दर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा खुर्चीत बसावे लागते.

आपल्याकडे वस्तऱ्याचे पाते दर गिऱ्हाइकाला बदलण्याची सवय बरीच रुजली आहे. मशीनच्या पात्याला मात्र तेवढी शिस्त नाही. खरी फट तिथेच आहे. मान झाडायचा ब्रश, अंगावरचे कापड आणि सामायिक टॉवेलही तितकेच संशयास्पद. दाढीनंतर फिरवलेली तुरटी रक्त थांबवते, बुरशी नव्हे.

निर्जंतुकीकरण फसते ते क्रम चुकल्याने. केस आणि तेल चिकटलेल्या पात्यावर औषध फवारले तर ते बीजाणूंपर्यंत पोचतच नाही. मशीन बंद करून पाते काढावे, ब्रशने केस झाडावेत, साबणाच्या पाण्याने तेलकटपणा घालवावा. मग ५ टक्के ब्लीचचा एक भाग आणि पाण्याचे नऊ भाग अशा त्याच दिवशी केलेल्या द्रावणात ते १० मिनिटे बुडवावे. त्यानंतर ते धुऊन, पुसून, तेल द्यावे. नाहीतर ब्लीचने पाते गंजते. मोटारीचा भाग पाण्यात घालू नये. प्रत्येक गिऱ्हाइकामागे एवढा वेळ मिळत नाही, म्हणून पात्यांचे दोन-तीन जोड आलटून पालटून वापरणे हाच व्यवहार्य उपाय. टॉवेल ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुवावेत.

डोक्यावरचा नायटा कोंडा किंवा चाई समजून सोडून दिला जातो. चाईत टाळू गुळगुळीत असते. नायट्यात पापुद्रे आणि तुटके केस दिसतात. पू भरलेली मऊ, दुखरी गाठ आली तर ती बुरशीचीच असू शकते आणि उशीर झाल्यास तिथले केस कायमचे जातात. निदानासाठी खरवडलेले पापुद्रे व केस पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. वूड दिव्याखाली, म्हणजे त्वचा तपासायच्या अतिनील दिव्याखाली, टॉन्सुरन्स चमकत नाही, त्यामुळे दिव्याने काही दिसले नाही म्हणून निर्धास्त राहू नये.

केसांच्या मुळाशी मलम पोचत नाही. टर्बिनाफिन किंवा ग्रिसिओफुल्विन हे बुरशीनाशक औषध आठवडेच्या आठवडे पोटातून घ्यावे लागते. ग्रिसिओफुल्विन स्निग्ध जेवणासोबत चांगले शोषले जाते. केटोकोनॅझोल शाम्पू फक्त बीजाणूंचा फैलाव कमी करतो. स्टेरॉइड मिसळलेली मलमे खाज चटकन थांबवतात, पण त्याखाली बुरशी पसरत राहते आणि चट्ट्याचे रूप बदलल्याने निदानही चुकते. भारतात टर्बिनाफिनला दाद न देणारी ट्रायकोफायटॉन इंडोटिनिए ही बुरशी आता सर्रास आढळते, मुख्यतः अंगावर व जांघेत. म्हणून गोळीने फरक पडत नसेल तर नमुना प्रयोगशाळेत वाढवून पाहावा. उपचार चालू असताना कंगवा, टोपी आणि उशीचा अभ्रा वेगळा ठेवावा, घरातल्या मुलांचीही टाळू तपासून घ्यावी.